आपलाच माणूस उडी मारतो

"दिलीप, मागे हो! हवेचा सेट येतोय!" मी पळतच ओरडलो.

"सायेब, भाव हाय माजा! मी हितं नुसता बघत ऱ्हाऊ?"

मी मॅनहोलपाशी पोचेपर्यंत तो शिडीवरून टाकीत उतरला होता.

मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका केमिकल प्लँटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. त्या दिवशी शटडाऊन होता, म्हणजे प्लँट बंद ठेवून दुरुस्ती. महेश टाकी साफ करत होता. सकाळची गॅस टेस्ट चांगली आली होती. नंतर एका गळक्या व्हॉल्व्हमधून नायट्रोजन आत शिरला. त्याला वास नसतो, ठसकाही लागत नाही. आतला ऑक्सिजन तेवढा हटतो आणि माणूस नुसता खाली बसतो.

दिलीप स्टँडबाय होता. स्टँडबायने बाहेर थांबायचं, आतला पडला तर हाकाटी करायची, पण स्वतः आत पाऊल टाकायचं नाही. पण कॉन्ट्रॅक्टर टोळी आणतो ती म्हसळ्याकडच्या एकाच वाडीतून. त्यामुळे आत महेश आणि बाहेर त्याचा चुलतभाऊ.

आठवड्यापूर्वीच सेफ्टीच्या सभेत आमचे प्लँट हेड गरजले होते, "परदेशात माणूस पडला की ते मशीनची वाट बघतात. आपला माणूस उडी मारतो! जगात असा दुसरा देश नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दिलीप पहिल्याच रांगेत होता.

मी नंतर म्हणालो, "सर, उडी मारू नका हेच तर मी शिकवतो."

"अहो, जरा भावना समजून घ्या."

सेट आला. सेट म्हणजे मास्क आणि पाठीवर हवेचा सिलिंडर. तो चढवून आमची माणसं उतरली, तर दिलीप शिडीच्या तळाशीच आडवा. आधी त्याला वर काढावं लागलं. महेशकडे पोचायला आणखी उशीर झाला. दोघंही गेले.

शोकसभेत प्लँट हेड साहेब म्हणाले, "असं बलिदान फक्त आपल्याच मातीत होतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी मशिनरी बसवायला आलेले एक कोरियन इंजिनियर उभे होते. साहेब काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

ते म्हणाले, "आमच्या शिपयार्डात एकामागोमाग तिघं असेच गेले. आमचे साहेबही हेच बोलले होते. देशाचं नाव तेवढं वेगळं."

आता स्टँडबाय निवडताना मी प्रत्येकाला विचारतो, आत तुझा भाऊ पडला तर काय करशील? जो 'बाहेर थांबेन' म्हणतो, त्यालाच घेतो. बहुतेक सगळे अजून छाती काढून 'उडी मारीन' म्हणतात.