ठसा वाचून दाखवा

वीज आली की आधी तारीख बघायची, ही शशिधरची अंगवळणी पडलेली सवय. कोल्हापुरात तेव्हा भारनियमन होतं आणि रक्तपेढीतल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी मेलेली. लाइट जाऊन आली की मशीन तारीख विसरायचं आणि प्रोग्रामचं नवं पॅकेज घ्यायला गेलं की त्याच्यावरची सही पुढल्या तारखेची दिसून कुरकुरायचं, सही पटत न्हाय म्हणून. शशिधर तारीख नीट करायचा, सही पटायची.

नेसरीच्या बैलव्यापाऱ्याचा हा मुलगा. डिप्लोमा करून इथं चिकटलेला. चहा पितानासुद्धा कपाच्या तळाला काय हाय ते बघणारा, म्हणून दोस्त त्याला 'पंचनामा' म्हणायचे. रक्ताच्या पिशवीवर चिकटवायची चिठ्ठी त्याच मशीनमधून छापून निघायची. गट चुकला तर माणूस जातो, हे शशिधर कधी विसरला नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात एकदा तारीख बरोबर असूनही सही पटेना. रक्तपेढीचा प्रोग्राम पुण्याची एक कंपनी पुरवायची. ती प्रत्येक पॅकेजवर आपली सही करून पाठवी आणि मशीन ती सही आपल्याजवळच्या चावीशी ताडून घेई. आता मशीन म्हणत होतं, ही सही दुसऱ्याच चावीची आहे. शशिधरनं जुन्या चावीची मुदत बघितली. ती संपलेली नव्हती. मग बदलली का?

कंपनीच्या वेबसाइटवर नवी चावी ठेवलेली होती. खाली मदतीसाठी नवा फोन नंबर.

पेढीचे मालक डॉक्टर हंबीरराव मागं येऊन उभे राहिले.

"टाक की ती चावी! उद्या तपासणीवालं येणार हायत, नवं व्हर्जन पायजे त्यास्नी."

"साहेब, चावी कुणाची हाय ते तरी बघू द्या. वेबसाइटमधी कुणी बी घुसतंय."

"तुझ्या सासऱ्याची हाय काय? वेबसाइट त्यांची, चावी त्यांची. संध्याकाळपातूर झालं न्हाय तर उद्या येऊ नगंस."

शशिधरनं पुण्याच्या ओळखीच्या इंजिनियरला फोन लावला. बंद. मग नवा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

प्रत्येक चावीला ठसा असतो, आकड्या-अक्षरांची लांब माळ. चावी ज्याची, त्यानं ती माळ आपल्याजवळची वाचून दाखवायची असते.

"तुमच्या चावीचा ठसा वाचून दाखवा, सर."

"तुम्ही वाचा ना, मी बघतो," आवाज गोड होता.

शशिधरला बैलबाजारातले अप्पा, त्याचे वडील, आठवले. दातांवरनं बैलाचं वय धरतात; चार दाती बैलासमोर उभं राहून ते मालकाला विचारायचे, 'सहा दाती न्हवं ह्यो?' मालक व्हय म्हणाला की दावणीपासनं सरळ चालायला लागायचे. वाटेत सांगायचे, "बैल त्याचा न्हवं, पोरा. चोरीचा हाय."

शशिधरनं ठसा वाचला. मधे मुद्दाम साताच्या जागी नऊ म्हणाला.

"बरोबर आहे सर."

"परत वाचतो हं." या खेपेला त्यानं समोरच्या फ्रिजवरचा नंबर वाचला.

"एकदम बरोबर. टाकून द्या. बाकी सगळ्यांनी टाकली. कोडोलीवाल्यांनी तर कालच."

शशिधरनं फोन ठेवला आणि नेटची वायर उपसून काढली.

"काय करायलाईस रं?" डॉक्टर ओरडले.

"उद्या येत न्हाय मी, साहेब. पर ही वायर लावू नगा."

त्यानं कोडोलीच्या रक्तपेढीत बाळासोला फोन लावला. दोघं एकाच वर्गातले.

"बाळासो, ती नवी चावी टाकलीस?"

"काल टाकली की! म्हटलं तारखेचीच भानगड आसंल. तू अजून पंचनामाच करायलाईस व्हय?"

"ती चावी चोराची हाय, चिठ्ठीवर गट चुकीचा येत आसंल. कालपासनं चिठ्ठी लावलेली एक बी पिशवी देऊ नगंस. प्रिंटर थांबीव."

"आरं, थांब जरा. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर हाय, एवढी एक चिठ्ठी काढतो."

"बाळासो!"

रिसीव्हर टेबलावर आदळल्याचा आवाज आला. त्याच्या मागं प्रिंटर करकरत चालूच होता.