अकराव्या प्रश्नाचं उत्तर

हे मी देवापुढेसुद्धा बोललेली नाही. देवापुढे मी पुष्कळ बोलते — मुलांचं, गुडघ्याचं, शेजारणीचं — पण हे आलं की जीभ बाजूने निघून जाते, आणि मी उदबत्ती लावून उठते. सोळा वर्षं असंच चाललं आहे. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

आधी हसून घ्या. आम्ही तंजावरची माणसं, आणि आम्ही बर्फावर घसरायला निघालो होतो! आमच्याकडे बर्फ म्हणजे सरबतवाल्याचा, भुशात घालून पोत्यात गुंडाळलेला. थंडी म्हणजे मार्गशीर्षातल्या चार पहाटा. पण त्या वर्षी आमच्या आळीत केबल आली. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून, गच्चीवरून गच्चीवर काळी वायर गेली, आणि एका संध्याकाळी टीव्हीवर दिसलं — रंगीत जाकिटं घातलेली आई, तसाच बाप, दोन मुलं, पायांना पट्ट्या बांधून पांढऱ्या उतारावरून घसरत येताहेत. हसताहेत. कुणी कुणासाठी थांबत नाहीये.

ते शेवटचं मला त्या क्षणी जाणवलं होतं का? की मी ते आता त्यात घालते आहे? नाही — जाणवलं होतं.

टीव्हीपुढे तीन मुलं होती. माझा वासू सात वर्षांचा, पद्मिनी पाच वर्षांची, आणि धाकट्या बहिणीचा, कमलेचा, रघू — आठ वर्षांचा. कमलेकडे केबल नव्हती, म्हणून तो रोज आमच्याकडे यायचा. त्याचा उजवा पाय पोलिओने गेलेला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, हातात काठी. तो जिना चढायला लागला की आवाजावरून कळायचं, आणि वासू लगेच टीव्हीपुढची बरी जागा सोडून बाजूला सरकायचा. मीच लावलेली सवय ती.

माझी नोकरी सरकारी, कमलेच्या यजमानांचीही. ते ओरत्तनाडूच्या कचेरीत होते. चार वर्षांतून एकदा सरकार कुटुंबाला देशात कुठेही फिरायला भाडं देतं, तुम्हाला ठाऊक असेलच. त्या वर्षी दोघांची पाळी एकदम आली. कचेरीतले लोक अशा वेळी काशी करतात, फार तर दिल्ली-आग्रा. आम्ही म्हटलं, बर्फ. दोन्ही घरं मिळून. मुलांनी आठवडाभर दुसरं काही बोलू दिलं नाही.

ठिकाण निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. काश्मीरचं त्या दिवसांत कुणी नाव काढत नव्हतं. उरली तीन ठिकाणं. मी कागदाच्या एका तावावर रेघा मारल्या आणि तिन्ही ठिकाणच्या लोकांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. किती लहान मुलांना घेता? लहान मापाचे बूट आहेत का? अगदी सपाट असा उतार आहे का, आणि तिथे मुलांचा हात धरायला कोण असतं? डॉक्टर किती दूर? गरम पाणी सकाळी मिळतं की मागावं लागतं? दहावा प्रश्न आमच्या यजमानांचा — रात्री दहीभात मिळेल का? खूप हसलो आम्ही. पण लिहिला.

अकरावा रघूने सांगितला. मला विचारलं नाही, लिही म्हणाला. मी लिहिलं — एका पायाला लोखंडी आधार असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तुमच्याकडे काही करता येईल का?

एका ठिकाणाहून छापील इंग्रजी पत्रक आलं, बाराच्या खालच्या मुलांना प्रवेश नाही. दुसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही. तिसरं ठिकाण म्हणजे मनालीच्या वर एका निवृत्त फौजी माणसाचं लहानसं शिबिर. त्याचं पत्र माझ्या कचेरीच्या पत्त्यावर आलं. हाताने लिहिलेलं, हिंदीत, दोन्ही बाजूंनी.

इथे तुम्हाला आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही घरात मराठी बोलतो, पण वाचतो तमिळ आणि इंग्रजी. नागरी अक्षर आमच्या आळीत दोन-चार जणांना येतं. माझे वडील जुन्या पोथ्यांच्या नकला करायचे. त्यांनी मला शिकवलं; कमलेची पाळी येईपर्यंत त्यांचे डोळे गेले. हिंदीच्या परीक्षा मी मागाहून दिल्या. त्यामुळे पुण्याकडून लग्नपत्रिका आली, सोयऱ्यांचं पत्र आलं, की ते माझ्याकडे यायचं. सगळे बसायचे, मी मोठ्याने वाचायची. आणि वाचताना गाळायचीही. पत्रात कुणी गेल्याची बातमी असली तर जेवणं होईपर्यंत ती ओळ मी ओलांडून जायची. कुणाच्या सुनेबद्दल वाकडं लिहिलेलं असलं तर ते गोड करून वाचायची. सगळ्यांना हे ठाऊक होतं. शहाणपण म्हणायचे त्याला. माझ्या हातातल्या कागदावर नंतर कुणी नजर टाकत नसे, टाकून उपयोगही नव्हता. कुंपणच शेत खाईल असं कुणाच्या मनात का यावं?

मी ते पत्र दुपारी कचेरीत वाचलं. त्या भल्या माणसाने प्रत्येक प्रश्नाला आकडा घालून उत्तर दिलं होतं. बूट आहेत. सपाट उतार आहे. दही थंडीने लागत नाही, पण भात पोटभर मिळेल. आणि अकरावं उत्तर सगळ्यांत मोठं — मुलाला अवश्य आणा. गावच्या सुताराकडून पाठ टेकायची खुर्ची करवून घेतो, ती घसरगाडीवर बसवतो, पट्टा लावतो, मी स्वतः धरून नेईन. त्याला सांगा, इतरांइतकाच वेगाने येशील.

मला म्हणता आलं असतं की पुढचं तोंडातून निसटून गेलं. तसं म्हणायचा मोह आत्ताही होतो आहे. पण नाही. कचेरीपासून कमलेच्या घरापर्यंत टाऊन बसला वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत मी वाक्य रचलं. दोनदा बदललं. पहिलं फार कठोर वाटलं म्हणून.

संध्याकाळी सगळे बसले. कमलेने कॉफी आणली. मी घडी उलगडली, चष्मा लावला, आणि दहा उत्तरं जशीच्या तशी वाचली. मग अकरावं वाचलं — पायाला आधार असलेल्या मुलांना वर नेण्याची आमच्याकडे सोय नाही, जबाबदारी घेता येत नाही, क्षमा असावी.

कमलेचे यजमान म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, धोका असतो. वासू खाली बघत होता. आणि रघू काठी न घेता, जमिनीवरून सरकत माझ्याजवळ आला.

"मावशी, तें परत एकदां वाच की," म्हणाला.

मी परत वाचलं. कागदावर बोट ठेवून, एकेका अक्षराखालून बोट नेत वाचलं, त्याला दिसावं म्हणून. बोट ‘मुलाला अवश्य आणा’वरून जात होतं आणि तोंड दुसरंच म्हणत होतं. पहिल्या वेळी छातीत धडधडत होतं. दुसऱ्या वेळी — हेच मला सांगता येत नव्हतं इतकी वर्षं — दुसऱ्या वेळी काही झालं नाही. आवाज अगदी स्वच्छ होता.

का केलं मी? रघूवर माझा राग होता का? नव्हता. त्याच्या पायाला दर शुक्रवारी तेल मी लावत असे. पण आदल्या वर्षी दोन्ही घरं कोडाईकनालला गेली होती. तिथे प्रत्येक चढाला थांबायचं, प्रत्येक नावेला आधी विचारायचं. रघूला सोबत म्हणून वासूला अर्धा दिवस गाडीत बसवून ठेवलं मी, आणि रात्री तो म्हणाला होता, दर वेळी मीच का? एक अनोळखी बाई मला म्हणाली होती, तुमचा मुलगा का हा, बिचारा. मी घाईघाईने म्हणाले — नाही, बहिणीचा. किती घाईने म्हणाले ते मलाच ऐकू आलं. मला एक सुट्टी त्याच्याशिवाय हवी होती. टीव्हीतल्यासारखी. एवढंच होतं. वासूसाठी केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, पण वासूने मागितलं नव्हतं. त्याने एक प्रश्न विचारला होता.

कमलेच्या घरच्यांनी येणं रद्द केलं. तुम्ही वर जा, आम्ही खाली मनालीत राहू, असं ती एकदा म्हणाली. मी आग्रह केला नाही. अर्धवार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही चौघं गेलो.

तो फौजी माणूस फाटकाशी उभा होता. यजमान बुटांची मापं द्यायला आत गेले, मुलं त्यांच्यामागे धावली. तो माझ्यामागे बघत राहिला, मग हिंदीत विचारलं, तो मुलगा कुठे आहे? मी म्हटलं, ताप आला ऐनवेळी. तेही खोटं इतकं पटकन आलं! त्याने मला शेडमध्ये नेऊन खुर्ची दाखवली. देवदाराच्या लाकडाची होती, नवी, अजून वास येत होता. पाठीला घोंगडी ठोकलेली. उजव्या पायासाठी फळी पुढे लांब काढलेली, कारण लोखंडामुळे गुडघा वाकणार नाही हे त्याने आपण होऊन ताडलं होतं. पुढच्या वर्षी आणा, म्हणाला, मी ठेवून देतो.

पाच दिवस ती खुर्ची शेडमध्ये होती. तिथूनच रोज बूट घ्यावे लागत. पद्मिनी एकदा तीत जाऊन बसली आणि मला ओढा म्हणाली. मी तिला खसकन उठवलं, चापट मारली. तिला अजून वाटतं की तिने काहीतरी मोडलं होतं. छत्तीस फोटो काढले आम्ही, त्यात शेड कुठे नाही. आणि वासू घसरायला शिकला हो. उतारावरून हसत आला माझ्याकडे, कुणासाठी न थांबता. मी टाळ्या वाजवल्या. आनंद झाला का, म्हणाल? झाला. तोही सांगायला हवा.

रघूला लोकरीची टोपी आणली. संक्रांतीनंतरच्या तंजावरच्या उन्हात ती घालून तो आठवडाभर फिरला, घामाने निथळत, आणि वासूला खोदखोदून विचारत राहिला — पडलं की लागतं का, वेग किती असतो, कानात वारा जातो का. वासू सांगत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. पत्र मी फाडून टाकलं होतं, कालव्यात. फाडायची गरज काय होती? वाचणार कोण होतं? पण चोराच्या मनात चांदणं.

पुढच्या वर्षी त्या माणसाचं कार्ड आलं. हिवाळा जवळ येतोय, मुलगा कसा आहे. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतरच्या वर्षी आलं नाही.

आणि हे मी कशात लिहिते आहे, पाहिलंत ना? नागरीत. ज्यांना सांगायला हवं त्यांच्यातल्या एकालाही हे वाचता येणार नाही. म्हणजे कबूल करतानासुद्धा मी जागा बघून बसले आहे. हे भित्रेपणच आहे, त्याला दुसरं नाव शोधत नाही.

रघू आता चोवीस वर्षांचा आहे. मद्रासला संगणकाच्या कंपनीत असतो, अजून आम्ही मद्रासच म्हणतो. या दिवाळीला आला होता. कमलेला बरं नव्हतं म्हणून कॉफी त्यानेच केली. भिंतीला टेकून, एका पायावर भार देऊन, डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये उंचावरून ओतत होता. कंपनीतली मुलं हिवाळ्यात मनालीला जाणार, याला विचारलं नाही, असं सहज सांगत होता. मी काहीतरी म्हणाले, मोघम. तेव्हा माझ्याकडे न बघता तो म्हणाला,

"तेंव्हां त्यांनी नको म्हटलें, तें माझ्या मनांत नाहीं मावशी. मी लिही म्हटलें, तूं माझ्यासाठी वेगळा प्रश्न घालून विचारलीस. तेवढें कोणी केलें नाहीं, अजूनपर्यंत."

मी मान हलवली. आणि त्याने पुढे केलेली कॉफी घेतली, गरम होती, सगळी प्यायले.