फादरला सांगितलंस, मला नाही

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातलं आमचं शिवणकामाचं दुकान वडिलांनंतर मी चालवलं, आणि चांगलं चालवलं. बाईमाणूस दुकान काय चालवणार म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्या लेकीसुनांचे ब्लाऊज पुढे माझ्याकडेच शिवायला आले. वडिलांचा एक नियम मी तसाच ठेवला होता. ज्याच्या हातून कापड बिघडलं, त्यानेच ते हातात घेऊन गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं आणि सांगायचं. मालकाने मध्ये पडायचं नाही.

माझ्याकडे दोन ख्रिस्ती बायका कामाला होत्या. थोरली कॅथलिक, काजं, हातशिलाई आणि इस्त्री तिच्याकडे. धाकटी प्रॉटेस्टंट, ती मशीनवर बसायची. आमचं सगळं बोलणं कानडीत चाले. धाकटी थोरलीला अक्का म्हणायची, दोघी एकाच डब्यातलं जेवायच्या आणि जेवता जेवता पापावरून वाद घालायच्या. थोरली शनिवारी मोठ्या चर्चमध्ये जाऊन फादरसमोर आपली पापं कबूल करून यायची. फादर देवाच्या वतीने क्षमा देतात, प्रायश्चित्त सांगतात, मन धुऊन निघतं, असं ती म्हणे. धाकटीला ते पटत नसे. देवाशी बोलायला मध्ये माणूस कशाला? गुडघे टेकून थेट त्यालाच सांगावं, क्षमा करणारा तोच. मी दोघींना चिडवायची. आमच्याकडे भजन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि मोकळे होतात, पाप कुठलं ते विचारत बसायला कोणाला वेळ आहे? माझ्या या तोऱ्याला त्या हसायच्या.

मग धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं. पांढऱ्या गाऊनला लावायला धाकटीने आपल्या वारलेल्या आईची लेस आणून दिली. आईच्या आठवणीचं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. इस्त्री करताना थोरलीच्या हातून ती लेस गळ्यापाशी करपली. तिने डागावर सॅटिनचं एक फूल टाचलं आणि गप्प बसली. मलाही बोलली नाही. शनिवारी चर्चला जाऊन आली, तेव्हा चेहरा मात्र उजळला होता.

गाऊन घालून बघताना मुलीला ते फूल आवडलं नाही, म्हणून धाकटीने ते उसवलं. खाली तपकिरी डाग. थोरलीने लगेच कबूल केलं आणि वर सांगितलं, की आपण फादरपाशी हे केव्हाच बोललो आहोत. तिथेच सगळं बिनसलं.

"फादरला सांगितलंस, मला नाही," धाकटी म्हणाली. "लेस फादरच्या आईची होती का?"

दुसऱ्या दिवशी तिने थोरलीला ऐकू जाईल अशा बेताने मला सांगितलं, की आपण प्रार्थना करून देवासमोर तिला माफ करून टाकलंय. पण डबा वेगळा झाला आणि अक्का हा शब्द तिच्या तोंडून गेला. आठवड्याने थोरली मला म्हणाली, मी दुसरीकडे काम बघते. माझं डोकं फिरलं. इतकी क्षमा होऊन दुकान सुतकात? मी दोघींना ऐकवलं, वर तुमचं काय मिटलं असेल ते असो, माझ्या दुकानाचा नियम मोडलाय.

थोरली उठली. गाऊन दोन्ही हातांवर घेऊन मशीनसमोर उभी राहिली.

"माझ्या हातून करपलं," ती म्हणाली. "फादर म्हणाले होते, आधी जाऊन तिला सांग. त्यांनी दिलेल्या प्रार्थना मी केल्या, तेवढं एकच केलं नाही. तू माझ्यापासून तुटशील याची भीती वाटली."

धाकटीने मान वर केली नाही. मी केव्हाच माफ केलंय, देवाला सांगितलंय, एवढंच पुटपुटली.

"मग मलाही सांग की," थोरली म्हणाली. "लेस देवाने नाही करपवली."

मशीन थांबलं. धाकटीने गाऊन तिच्या हातांतून काढून घेतला आणि डागावरून बोट फिरवत राहिली.

"बिडी अक्का," ती शेवटी म्हणाली. जाऊ दे. "केलं माफ."

थोरली तिथेच खाली बसून रडायला लागली. मालकाने मध्ये पडायचं नसतं, पण मीही रडले, आणि मग दोघींवर ओरडले, की लग्न तोंडावर आलंय, ते फूल परत लावा.