विचारून चालणारी हेस्टर

पोल्कार्नमध्ये उन्हाळा लागला की पाहुणे चालायला येतात. नदी गावाला वळसा घालून समुद्राला मिळते, मागे टेकड्या, पुढे कडे, आणि या सगळ्यावरून पाऊलवाटा गेलेल्या. पाहुण्यांच्या दोन हातांत दोन काठ्या, गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटातला नकाशा, अंगावर डझनभर खिशांचं जाकीट. पायथ्याला उभं राहून ते वाऱ्याची दिशा बघतात, एकमेकांचे फोटो काढतात, पाणी पितात. एवढी सिद्धता होईपर्यंत हेस्टर पेंगेली एप्रनवर जुना कोट चढवून समुद्रापर्यंत जाऊन परत आलेली असते आणि तिचे बटाटेही उकडून झालेले असतात.

हेस्टरने चाळिशीत सुरू केलेला हा नेम सत्तरी ओलांडली तरी सुटला नव्हता. खाडीच्या तोंडाशी एक छोटी पुळण आहे, तिथल्या सपाट खडकावर बसायचं, समुद्र बघायचा आणि परत यायचं. तिचा नवरा विल्फ हयात असताना त्याने एकदा विचारलं होतं, "रोज तेच पाणी काय बघतेस?" ती म्हणाली, "रोज तोच नवरा बघते, तेव्हा नाही विचारत." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

एरवी मात्र तिच्याइतकी नम्र बाई पंचक्रोशीत सापडली नसती, आणि या पंचक्रोशीत नम्रतेचा तुटवडा कधीच नव्हता. दुकानात कुणी तिच्या पायावर पाय दिला तर माफी तीच मागायची. वाटेत मेंढी आडवी आली तर "तुमचं होऊ द्या" म्हणून थांबायची.

पुळणीला जायच्या वाटा तीन. कड्यावरून एक, पण तिला पायऱ्या, आणि हेस्टरच्या गुडघ्यांनी पायऱ्यांशी बोलणं टाकलेलं. टेकडीवरून डांबरी रस्ता, तिथे मोटारी अशा येतात की जणू समुद्र पळून चाललाय. तिसरी नदीकाठची, सपाट, सायलस बोलिथोच्या शेतातून. म्हातारा सायलस वारला आणि शेत क्रिस्पिन हॅलम नावाच्या लंडनच्या गृहस्थाने घेतलं. त्याने ते देखाव्यासाठी घेतलं होतं. घेतल्यावर त्याला दिसलं की देखाव्यात माणसं आहेत. त्याने फाटकाला कुलूप घातलं आणि 'खाजगी' अशी पाटी लावली.

हेस्टरने कड्याच्या पायऱ्या एकदा करून पाहिल्या. उतरली झकास. वर येताना मात्र दोन पाहुण्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून, सोफा जिन्यातून चढवतात तशी वर आणली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, गाडीतळावरून दिसतो की समुद्र."

"टीव्हीवरही दिसतो," हेस्टर म्हणाली आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात ती कुठेच गेली नाही. शेजारणीने खिडकीतून पाहिलं, तर ती दुपारी टेबलाशी नुसती बसलेली होती, आणि हेस्टरला नुसतं बसलेलं गावाने आजवर पाहिलं नव्हतं.

अशा वेळी डेन्झिल टोन्किन पुढे आले. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पाऊलवाट समितीचे अध्यक्ष. कुणीतरी कुठलंतरी फाटक बंद करावं म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं देवाकडे डोळे लावून बसला होता. त्यांनी चॅपलच्या हॉलमध्ये सभा घेऊन कायदा समजावला: लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने राजरोस, कुंपण न मोडता, मालकाची परवानगी न घेता चालले, तर ती वाट लोकांची होते.

"म्हणजे उद्धटपणे चाललं पाहिजे," मागून कुणीतरी म्हणालं.

"हक्काने," टोन्किन म्हणाले.

"तेच ते."

आता पंचाईत अशी, की बाकीचे लोक चालायचे ते नाताळला, नाहीतर कुत्र्याला वाटलं तर. वीस वर्षं रोज चाललेली एकटी हेस्टर. सगळा दावा तिच्या गुडघ्यांवर उभा. टोन्किन तिच्याकडे चहाला आले, दोन केशरी बन खाल्ले आणि तिसऱ्याकडे हात नेत म्हणाले, "दाव्याची सरकारी चौकशी होईल, तिथे एवढंच सांगायचं, हेस्टर. चालले, आणि कधी कुणाला विचारलं नाही."

"पण मी विचारायची."

टोन्किनांचा हात बनावरच राहिला.

"दर वर्षी," हेस्टर म्हणाली. "गावजत्रेच्या आठवड्यात बोलिथोंच्या दारात जायचं, केक द्यायचा आणि म्हणायचं, यंदाही तुमच्या शेतातून जाईन म्हणते, चालेल ना? माणसाच्या शेतातून न विचारता कसं जायचं? पण ते काय म्हणायचे माहितीये—"

"पुढे सांगू नका. मी काही ऐकलेलं नाही." टोन्किन उठून उभे राहिले. "विसरा. तुमच्या वयाला विसरणं शोभतं."

"तुमच्याही शोभेल. पण मला आठवतंय."

"मग वाट गेली म्हणून समजा. एका केकपायी." आणि ते तिसरा बन घेऊन गेले.

हेस्टरला झोप लागेना. खोटं बोललं तर समुद्र मिळणार, खरं बोललं तर कुलूप. चौकशीही चॅपलच्याच हॉलमध्ये होती. जिथे लहानपणी तिने खऱ्याखोट्याचे धडे पाठ केले, तिथेच खोटं बोलायचं म्हणजे टोन्किनांनी जागासुद्धा हेरून निवडली होती.

चौकशीला सरकारकडून एक बारीक चणीच्या बाई आल्या. हॅलमचा वकील इतका गोड बोलायचा की हॉलमधल्या बायका त्याला चहा विचारून आल्या. त्याने हेस्टरलाही गोडच विचारलं, "इतक्या सभ्य बाई तुम्ही. मालकाला विचारल्याशिवाय थोड्याच गेला असाल?"

टोन्किन छताकडे बघू लागले.

"नाही हो," हेस्टर म्हणाली. "दर वर्षी विचारायची."

वकील इतक्या समाधानाने खाली बसला की खुर्ची करकरली. मागच्या बाकावर कुणीतरी सुस्कारा सोडला. पोल्कार्नच्या नम्रतेने पोल्कार्नची वाट गिळली, असा मजकूर टोन्किनांच्या चेहऱ्यावर ठळक अक्षरांत उमटला.

सरकारी बाईंनी चष्मा पुसला. "आणि बोलिथो काय म्हणायचे?"

"दर वर्षी तेच. 'मला काय विचारतेस, बाई? ही वाट माझ्या आज्याच्याही आधीची. मी कोण हो म्हणणारा न् नाही म्हणणारा? दार लाव, वारा येतोय.'"

"दर वर्षी?"

"दर वर्षी. केक ठेवून घ्यायचे."

"मग तुम्ही पुन्हा पुन्हा का विचारायचात?"

"विचारणं माझं काम होतं," हेस्टर म्हणाली. "उत्तर त्यांचं."

वकील उभा राहिला, पुन्हा बसला. टोन्किन हेस्टरकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बन खात होतात."

निकालात बाईंनी लिहिलं, की परवानगी मागितल्याने होत नाही, दिल्याने होते. आणि वाट आपली नाही असं खुद्द मालकच सांगत होता. हॅलमला कुलूप काढावं लागलं. टोन्किनांनी फाटकाला रिबीन बांधली आणि आपण लढा कसा जिंकला याचं भाषण सुरू केलं. ते पहिल्या महायुद्धापर्यंत येईतो हेस्टर रिबिनीखालून शेतात शिरली होती.

हॅलम कुंपणापाशी हात खिशात घालून उभा होता. "आता रोज येणार तुम्ही लोक?"

"लोकांचं माहीत नाही. मी रोज."

"मला कुणी विचारलंसुद्धा नाही," तो म्हणाला. आवाज रुसलेल्या पोरासारखा होता.

हेस्टर थांबली. कुणी दुखावलं की तिचे पाय पुढे पडत नसत. "विचारलं असतं, तर हो म्हणाला असता?"

त्याने जरा विचार केला. माणूस प्रामाणिक होता. "नाही."

"मग बरं झालं," हेस्टर म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणायची अडचण पडली नाही." आणि भरती लागायच्या आत खडक गाठायचा म्हणून ती नदीच्या कडेकडेने निघाली.