लग्न सकाळी ठीक आठला

आम्ही बौद्ध, मुहूर्त बघत नाही. त्यामुळं धाकट्या बहिणीच्या लग्नाची वेळ ठरवायचं काम माझ्याकडं आलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, मग सवय कुठं जाणार!

कारणही तसंच होतं. मागच्या उन्हाळ्यात आईला ऊन लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. "परत उन्हात दिसायच्या नाहीत," डॉक्टरांनी दरडावलं होतं. लग्न मे महिन्यात, करमाडला, आमच्या दारात. दुपारी लावलं असतं तर आई आत पंख्याखाली पडून राहिली असती. ते मला अजिबात चालणार नव्हतं.

बाबा म्हणाले, "मे महिन्याची सरासरी बघ की. लई काय नाय."

मी भडकले. "सरासरीनं कुणाला चक्कर येत नाय, बाबा!"

कित्येक वर्षांच्या मे महिन्यांचं तासातासाचं तापमान मिळवलं आणि आलेख काढला. प्रत्येक तासाला एक चौकट. मधले निम्मे दिवस चौकटीत, उरलेले वर-खाली निघालेल्या शेपट्यांत. आठची चौकट खाली, शेपट्या एवढ्याशा. म्हणजे आठला जवळपास सगळेच दिवस सोसण्यासारखे. अकराच्या पुढं मात्र चौकटी पार माळ्यावर चढलेल्या.

"मंग मी पुढच्या खुर्चीत बसणार बरं का," आई म्हणाली.

पत्रिकेत ठसठशीत छापलं: सकाळी ठीक आठ.

त्या दिवशी आठला मांडवात कोण? लासूर स्टेशनहून आलेला नवरदेव, त्याच्या घरचे, आम्ही आणि भंतेजी. बाकी खुर्च्या रिकाम्या! आमच्याकडं 'ठीक आठ' म्हणजे अकरा, हे शेंबडं पोरही जाणतं. मावशीला फोन केला तर म्हणते, "अगं, आंघोळीलाच चाललेय!"

नवरी हसून हसून बेजार. "ताई, हवेचा आलेख काढलास, पाहुण्यांचा राहिला की गं!"

मला रडूच यायला लागलं. कुणीतरी म्हणालं, थांबू की थोडं. बाबांनी पुढच्या खुर्चीकडं बघितलं. आई पांढरी साडी नेसून, गजरा माळून ऐटीत बसली होती.

"जिच्यासाठी वेळ काढली ती आलीय," बाबा म्हणाले. "भंतेजी, करा सुरू."

अकराला सगळा गोतावळा लोटला, तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मामा तर तणतणतच आले, "आमच्याबिगर लग्न लावलं व्हय?"

आई आत पंख्याखाली बसून दारातनं प्रत्येकाला सांगत होती, "लागलं लग्न! मी बघितलं सगळं. तुम्ही जेवा."