वायसरकाकूंनी पार्सलं घेणं बंद केलं

वायसरकाकूंचं हार्डवेअरचं दुकान दोन इमारतींच्या मधल्या बोळाएवढं आहे. आत एका वेळी एकच गिऱ्हाईक मावतं, दुसऱ्याने पायरीवर थांबायचं. दुकान मूळ वडिलांचं. त्यांची नजर गेली तेव्हा काकू एकोणीस वर्षांच्या होत्या. "तात्पुरतं" म्हणून गल्ल्यावर बसल्या, त्याला एकतीस वर्षं झाली. गळका नळ घेऊन कुणी आलं की त्या चष्मा कपाळावर चढवतात, नळ फिरवून बघतात आणि सांगतात, "नळ चांगला आहे हो. वायसर गेलंय." बहुतेक वेळा गेलेलं ते रबरी वायसरच असतं, म्हणून हे नाव. खरं नाव आता गल्लीत फारसं कुणाला आठवत नाही.

गेल्या तीन-चार वर्षांत काकू तापट झाल्या, असं सगळे म्हणतात. कशामुळे झाल्या, हे कुणी म्हणत नाही. लोक दुकानात पूर्वीसारखेच येतात. भिंतीला कुठला स्क्रू, दाराला कुठली बिजागरी ते विचारतात, वस्तू हातात घेतात, मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि "घरी विचारून येते" म्हणून जातात. घरी विचारायला गेलेलं माणूस काही परत येत नाही. त्याची वस्तू मात्र येते, खोक्यातून, आणि तीही काकूंच्याच दुकानात. कारण दिवसा गल्लीतली निम्मी घरं बंद असतात आणि काकू कुठे जात नाहीत, हे पार्सलवाल्यांना पाठ झालेलं. एकेका दिवशी पायरीवर खोक्यांचा असा ढीग लागायचा की खऱ्या गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा नसायची. त्यात माझीही खोकी असायची, हे कबूल करतो.

घरातही वेगळी तऱ्हा नव्हती. मुलगी परगावी नोकरीला. तिने एकदा आईला न सांगता घरच्या बाथरूमसाठी शॉवर मागवला. तो ताब्यात घ्यायला सही काकूंनीच केली.

"अगं, माझ्या डोक्यावर सहा शॉवर टांगलेत," त्या फोनवर म्हणाल्या.

"तुला दगदग नको म्हणून गं, आई."

रागवावं की रडावं, काकूंना कळेना. घरी जाऊन त्यांनी तो शॉवर इतक्या जोरात आवळला की त्याचे आटेच गेले. नवरा कचेरीत टपाल नोंदवायचं काम करतो. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "किती जीव जाळशील? भाड्याने देऊन टाक ना ते दुकान."

ठिणगी पडली ती बँकवाल्या काकांमुळे. काका बँकेतून निवृत्त झालेले, कोपऱ्यावरच्या इमारतीत राहतात. एका मंगळवारी ते स्वयंपाकघराचा जुना नळ पिशवीत घालून आले. नवा हवा होता, लांब मानेचा, गोल फिरणारा. काकूंनी तसा एक काढून दाखवला. जुन्याचे आटे मोजले, भिंतीपासून ओट्यापर्यंत किती जागा आहे ते विचारून घेतलं, सगळं कागदावर लिहून दिलं. तासभर गेला. पायरीवर उभा असलेला एक माणूस कंटाळून निघून गेला. काका कागद खिशात घालून म्हणाले, "बघतो."

शुक्रवारी काकांच्या नावाचं खोकं आलं. त्याचा कोपरा चेपला होता आणि फाटीतून नळाची लांब मान बाहेर डोकावत होती. संध्याकाळी काका ते न्यायला आले.

"काका, हा तोच का?"

"हो ना!" काका खुशीत होते. "तुम्ही माप इतकं नेमकं लिहून दिलंत, मागवायला अगदी सोपं गेलं. थँक्यू हं, ताई."

त्या थँक्यूने काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका दिसेनासे व्हायच्या आत त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि ठळक अक्षरात लिहून दारावर लावला: "आजपासून इथे कुणाचंही पार्सल घेतलं जाणार नाही."

दोन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. माणुसकी राहिली नाही, एवढंसं काम तेही जड झालं, असं बरंच काही. तिसऱ्या दिवशी रहिवासी समितीच्या अध्यक्षीणबाई समजूत काढायला आल्या. पायरीवर समोरची शिंपीण मशीनच्या तेलासाठी थांबली होती.

"काकू, तुमचं दुकान म्हणजे आपल्या गल्लीची शान," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं किती प्रेम आहे तुमच्यावर!"

"शेवटचं काय घेतलंत माझ्याकडून?"

बाई आठवू लागल्या. "ती शिडी नाही का, रंगकामाच्या वेळी?"

"ती उसनी नेली होतीत."

पायरीवरून शिंपीण म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा ना, आम्ही काय करायचं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. काकू भडाभडा बोलत सुटल्या. "मागवायच्या आधी एकदा मला विचारा. माझ्याकडे नसेल तर चार दिवस कळ काढा, मी आणून देते. माल खराब निघाला तर जगाला सांगायच्या आधी मला सांगा, चांगला निघाला तर खुशाल जगाला सांगा. नवीन भाडेकरू आला की त्याला म्हणा, खाली दुकान आहे. सगळंच माझ्याकडून घ्या असं कुठे म्हणतेय मी? पण ज्या वस्तूसाठी माझा तास खाता, ती तरी इथून घ्या!"

"किती छान बोलता हो तुम्ही!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "याचा एक व्हिडिओ करूया का?"

काकूंनी कपाळाला हात लावला.

आठवड्याने बँकवाले काका परत आले. हातात तोच नळ. खोक्यावर अर्धा इंच लिहिलेलं, आत निघाला पाऊण इंची. परत पाठवायची सोय होती, पण जुना नळ मोडीत गेला होता आणि स्वयंपाकघर कोरडं पडलं होतं.

"त्या दिवशी दाखवलात तो द्या."

"नाही आता. वर्षभर पडून होता, परवा व्यापाऱ्याला परत केला. नुसता दाखवायला कशाला ठेवू?"

"मागवलात तर?"

"चार दिवस."

"चार दिवस? अहो, पाणी नाही स्वयंपाकघरात!"

"मग बघा तुमचं."

काका तणतणत गेले. अर्ध्या तासाने पुन्हा पायरीवर हजर. "मागवा," एवढंच म्हणाले. चार दिवस त्यांनी बाथरूममधून बादल्या भरून ओट्यापर्यंत नेल्या. पाचव्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. काकूंनी नळ दिला, हसल्या मात्र नाहीत. "गळला तर आधी मला सांगा."

नळ गळला नाही. काकांनी इमारतीत दोघांना तसं सांगितलं, त्यातला एक जण खरंच आला. शिंपीण पडदे शिवायला आलेल्या बायकांना दांड्यांसाठी काकूंकडे पाठवते. बाकी लोकांनी आपली पार्सलं लाँड्रीवाल्याकडे वळवली, आणि आता तो करवादतो. फोटो काढणारे फोटो काढतातच.

मध्ये एकदा नवऱ्याने विचारलं, "एवढा तमाशा केलास. काही फरक पडला का?"

"डोंबल," काकू म्हणाल्या. मग ताट पुढे ओढत म्हणाल्या, "आज एक मुलगी आली होती. कुलूप हवं होतं, माझ्याकडे नव्हतं. चार दिवस थांबते म्हणाली."

"मग?"

"मग काय? उद्या सकाळी जाऊन आणायला हवं."