तणमोर दिसला तो दिवस

जळगावच्या आमच्या कचेरीत भाऊ टंकलेखक होते. बोलत इतकं हळू, की साहेबही खुर्ची पुढे ओढून ऐकत. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून ते माळ तुडवत. गवतात लपणारा दुर्मिळ पक्षी तणमोर एकदा तरी पाहायचा, एवढीच त्यांची आस.

त्या श्रावणात धुळ्याकडच्या एका कुरणात मी त्यांच्यासोबत गवतात दबून बसलो होतो. रस्त्यावर जीप थांबली. दोघे उतरले, एकाच्या हातात बंदूक होती. तेवढ्यात समोरच्या गवतातून काळा-पांढरा पक्षी उंच उसळला आणि पुन्हा आत बुडाला. बंदूक तिकडे वळली.

"भाऊ, खाली बसा!" मी त्यांचा शर्ट ओढला. तो हिसडून ते उठले आणि टाळ्या पिटत बंदुकीसमोरूनच धावले. "पय रे, पय!" पक्ष्यानं पळावं म्हणून गावाकडच्या बोलीत ते जिवाच्या आकांतानं ओरडत होते.

पक्षी उडाला आणि टेकडीपलीकडे गेला. जीपवाले शिव्या हासडत निघून गेले.

भाऊ परत आले. "घाईत मला नीट दिसलाच नाही हो," ते म्हणाले. "डोक्यावरचे तुरे दिसले का तुम्हाला?"

मी सगळा वेळ बंदुकीकडेच पाहत होतो.

"दिसले, भाऊ," मी म्हणालो.